ट्रेड टेस्टमध्ये सगळेच पास? मग आधी पासपोर्ट परत मागा

कतारच्या शटडाउनसाठी (प्लांट बंद ठेवून होणारी दुरुस्ती) पाइप फिटर पाहिजेत, 2,800 रियाल, खाणं-राहणं कंपनीचं, मुलाखती नवी मुंबईत. असल्या जाहिरातीचं पुढे काय होतं ते आपल्या लाइनमधल्या बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून पाल्हाळ लावत नाही. माझे 92,000 रुपये गेले. ट्रेड टेस्टचे (हातकामाची परीक्षा) 2,500, मेडिकलचे 6,500, ‘व्हिसा प्रोसेसिंग’ 45,000, ‘स्टँपिंग आणि तिकीट’ 38,000. व्हिसा म्हणून आलेली पीडीएफ बनावट निघाली. मी काही अडाणी नाही. आयटीआय झालेला, रिफायनरीच्या शटडाउनवर काम केलेला माणूस आहे. पण शटडाउन उरकलं की ठेकेदार माणसं कमी करतो आणि पुढचं काम कधी ते सांगत नाही. अशा वेळी शिक्क्याचं ऑफर लेटर हातात पडलं तर कोण नाही म्हणेल?

राग येतो तो त्या टेस्टचा. 4 इंची शेड्यूल 40 (भिंतीची ठराविक जाडी) पाइप, 300 मिलिमीटरचा ऑफसेट (लाइन तेवढी बाजूला सरकवायची), 45 अंशांचे दोन एल्बो (वळणाचे जोड). हिशेब कुठलाही फिटर करील: 300 गुणिले 1.414, म्हणजे सेंटर टू सेंटर 424. त्यातून दोन एल्बोंचे 64-64 वजा, दोन रूट गॅपचे (वेल्डिंगसाठी सोडलेली फट) 3-3 वजा, मधला तुकडा 290 चा. शेजारच्या पोराने सरळ 424 चा कापला. फ्लँज (बोल्टची भोकं असलेली चकती) लावताना भोक बरोबर मध्यरेषेवर आणून टॅक (वेल्डिंगचा टिपका) मारला. मध्यरेषा दोन भोकांच्या मधोमध यायला हवी, हे त्याच्या गावीही नव्हतं. परीक्षक म्हणवणाऱ्याने टेप काढला नाही, लेव्हल लावली नाही, हाय-लो गेज (दोन पाइपांच्या आतल्या कडांतला फरक मोजायचं माप) तर त्याच्याकडे नव्हतंच. दोघेही ‘सिलेक्टेड’! 134 मिलिमीटरची चूक आणि सिलेक्टेड! तिथेच उठायला हवं होतं. खऱ्या टेस्टला क्लायंटचा माणूस आयसोमेट्रिक (पाइपचं ड्रॉइंग) हातात देतो, बेव्हल (पाइपच्या टोकाची तिरकी कड) साडेसदतीस अंशांचा आहे का बघतो, आतली कड दीड मिलिमीटरहून जास्त सरकली की जॉब बाजूला टाकतो. बरेच जण तिथूनच घरी जातात. जो सगळ्यांना पास करतो त्याला फिटर नकोच असतात.

आणि मूळ पासपोर्ट ‘फाइलला’ म्हणून ठेवून घेतला. झेरॉक्स द्या, मूळ देऊ नका.

मेडिकलचं तर सरळ सरळ खोटं. कतारला नोकरीवर जाणाऱ्याचं मेडिकल, बायोमेट्रिक आणि कराराची सही कतार व्हिसा सेंटरमध्येच होते (आपल्याला जवळचं मुंबईचं), तोही खर्च मालक कंपनीचा. कतारचं नाव सांगून कोणी तुम्हाला गल्लीतल्या लॅबमध्ये पाठवला तर तिथूनच मागे फिरा.

फीचंही तेच. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपयांच्या वर घेता येत नाही. 18 टक्के जीएसटी धरून 35,400, आणि त्याची पावती द्यावीच लागते. आमच्याकडून पैसे कुणाच्या तरी बचत खात्यात यूपीआयने घेतले. पावतीचं विचारलं तर ‘व्हिसासोबत मिळेल’. ‘तुमचा पासपोर्ट ईसीएनआर आहे, क्लिअरन्सची कटकटच नाही’ हेही गोड वाटलं होतं. दहावी पास असल्याने क्लिअरन्स, म्हणजे नोकरीसाठी देश सोडायची सरकारी परवानगी, लागत नाही, हे खरं; ईसीएनआर म्हणतात ते यालाच. पण मग जाण्याआधी तुमचे कागद सरकारी डोळ्याखालून जातच नाहीत, हेही तितकंच खरं. एजंटचा लायसन्स नंबर सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर टाका आणि पोर्टलवर दिलेल्या फोनवरच खात्री करा, जाहिरातीतल्या नाही. आमच्या पठ्ठ्याने दुसऱ्याच एजन्सीचा नंबर छापला होता. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून मिळेल’ असं कोणी म्हणालं तर पुढचं ऐकूसुद्धा नका.

आता साहेब लोकांचं ऐका. पोलीस ठाण्यात उत्तर: पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, ही दिवाणी बाब, वकील गाठा. परदेशी नोकरभरतीवर देखरेख करणाऱ्या कार्यालयात उत्तर: हा एजंट आमच्या यादीत नाही, पोलिसांत जा. यादीत नाही हाच तर गुन्हा आहे ना! लायसन्स असलेल्याची तक्रार घेणार आणि बिनलायसन्सवाला मोकळा, मग कार्यालय हवं कशाला? पोलिसांकडे परत गेलो तर म्हणे, ऑफिस दुसऱ्या हद्दीत येतं. बँक म्हणते, व्यवहार तुमच्याच पिनने झालाय.

हद्दीची सबब ऐकू नका, शून्य क्रमांकाने एफआयआर घ्यावाच लागतो. कलम भारतीय न्याय संहितेचं 318(4), सोबत उत्प्रवासन कायदा 1983 चं कलम 10 आणि 24. केंद्राची मंजुरी लागते असं सांगून कटवतात; कलम 27 च्या परंतुकानुसार फसलेल्या माणसाने स्वतः तक्रार केली तर मंजुरी लागत नाही. ते पान छापून न्या. ठाण्यात घेतलंच नाही तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी कळवा. यूपीआयने पैसे गेले असतील तर त्याच दिवशी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावा. उशीर झाला की खात्यात गोठवायला काही उरत नाही. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझा पहिला अर्ज त्यांना ‘सापडत नाही’.