वॉरफरिन की हेपॅरिन: मेकॅनिकल झडप असताना गर्भारपण

ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची मायट्रल झडप निकामी होऊन मेकॅनिकल (कृत्रिम) झडप बसवलेल्या माझ्या भाचीला दिवस राहिले, तेव्हा रक्ताची गुठळी टाळणारी रोजची वॉरफरिनची गोळी चालू ठेवावी की त्याच कामासाठी हेपॅरिनची इंजेक्शने घ्यावीत, असा पेच तिच्यापुढे उभा राहिला.

झडपेवर गुठळी होऊ न देण्यात वॉरफरिन सरस आहे. परंतु ते वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचते आणि गर्भारपणाच्या ६व्या ते १२व्या आठवड्यांच्या काळात नाकाच्या व हाडांच्या वाढीत व्यंग निर्माण करू शकते. दिवसाची मात्रा ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असल्यास हा धोका घटतो, तरी गर्भपाताची भीती उरतेच. इंजेक्शनातले कमी रेणुभाराचे (लहान रेणूंचे) हेपॅरिन वार ओलांडत नाही, मात्र आईच्या झडपेवर गुठळी होण्याचा धोका वाढतो, कारण गर्भारपणात त्याची गरज सतत बदलते आणि अँटी-टेन-ए या, रक्तातील हेपॅरिनचा परिणाम मोजणाऱ्या, चाचणीवरून मात्रा वारंवार ठरवावी लागते.

गोळी स्वस्त आहे आणि तिची आयएनआर चाचणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी) सहज होते. इंजेक्शने दिवसातून दोनदा घ्यावी लागतात, महाग पडतात आणि त्यांची चाचणी प्रत्येक गावी मिळत नाही.

मात्रा कमी असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने वॉरफरिनच चालू ठेवणे मला अधिक योग्य वाटते. मात्रा जास्त असेल आणि चाचणीची खात्रीशीर सोय असेल, तर पहिल्या तिमाहीपुरते हेपॅरिन घेऊन पुन्हा गोळीवर यावे. दोन्ही वाटांवर प्रसूती जवळ आल्यावर, साधारण ३६व्या आठवड्यापासून, गोळी थांबवून हेपॅरिन सुरू करतात. स्वतःहून गोळी बंद करणे, जे घाबरून अनेकजणी करतात, हे मात्र सर्वांत घातक.