२ एचपीचा तयार पॉवरपॅक: ताकद पुरेशी, टाकीचा मात्र ढोल

२ एचपी सिंगल फेज मोटर, १४४० आरपीएम, फेरीला ६ सीसी तेल देणारा गियर पंप, ४० लिटरची टाकी. घरगुती हायड्रॉलिक प्रेससाठी बाजारात मिळणारा तयार पॉवरपॅक (तेलाला दाब देणारा मोटर-पंप-टाकीचा संच) बहुधा असाच असतो. मिनिटाला साडेआठ लिटर तेल, ८० बारपर्यंत दाब. १२५ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरवर जवळजवळ १० टन मिळतात. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आवाजाची, आणि तो निम्मा बांधणीतला आहे.

मोटर-पंप थेट टाकीच्या ३ मिमी पत्र्यावर बोल्टने आवळलेले असतात. १२ दातांचा पंप १४४० आरपीएमला सेकंदाला २८८ ठोके देतो आणि तो पत्रा ते इमानदारीने वाजवतो. जोडी उचलून टाकीशेजारी वेगळ्या चॅनेलच्या फ्रेमवर घ्या, खाली रबर माउंट द्या. माउंट वजनाखाली ३ मिमी तरी दबला पाहिजे. टायरचे कडक तुकडे दबतच नाहीत, म्हणून त्यांचा उपयोगही नाही. जोडी तेलाच्या पातळीखाली आली तर पंपाला तेल वरून मिळतं, हा वेगळा फायदा. मोटर आणि पंप मात्र बेलहाउसिंगवर (दोघांना जोडणाऱ्या कवचावर) एकत्रच राहू द्या, नाहीतर कपलिंगचं अलाइनमेंट जाऊन त्यातला रबरी स्पायडर फाटतो.

दुसरी काटकसर सक्शनला, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या नळीत. अर्ध्या इंची होजमध्ये (रबरी नळीत) तेलाचा वेग सेकंदाला १.१ मीटरच्या पुढे जातो, पाऊण इंचीत अर्धा मीटर. स्ट्रेनर (सक्शनची जाळी) तुंबला किंवा थंडीत ६८ ग्रेडचं तेल घट्ट झालं की पंप किंचाळतो: ते कॅव्हिटेशन, म्हणजे तेल कमी पडून पंपात पोकळ बुडबुडे होणं. तेल दुधाळ, वर फेस आणि खडे घोळल्यासारखा आवाज, तर हवा शिरतेय. चालू पंपाच्या सक्शन जोडांवर एकेक करून ग्रीस लावा. जिथे आवाज बसेल तिथे गळती. (प्रेशर होजवर हात फिरवून गळती कधीही शोधू नका.) रिटर्न पाइपचं टोक तेलाखाली बुडालेलं हवं, ४५ अंशांत कापलेलं आणि सक्शनपासून लांब.

प्रेशरला लोखंडी पाइपऐवजी मीटरभर होज, तीही ९० अंशांत वळवून. सरळ ताणलेली होज पंपाचे धक्के जसेच्या तसे पुढे देते. भिंतीवर क्लॅम्प मारायचाच तर रबर घालून.

काम थांबलं तरी पॅक ओरडतच असेल, तर दोष व्हॉल्व्हचा. क्लोज्ड सेंटर (न्यूट्रलमध्ये पंपाचं तेल अडवणारा) व्हॉल्व्ह दिला असेल तर तेल सतत रिलीफवरून, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून, पूर्ण दाबाने उतरतं; आवाज आणि उष्णता दोन्ही फुकट. टँडम सेंटर बसवा; न्यूट्रलमध्ये तो तेल सरळ टाकीत सोडतो आणि पंप बिनदाब फिरेल. सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

आवाज कोंडणारी पेटी शेवटी. १८ मिमी प्लायवूड, आतून ५० मिमी ग्लासवूल. एक टक्का फट राहिली तरी २० डेसिबलपेक्षा जास्त घट मिळत नाही, पण हवेची वाट पूर्ण बंद केली तर मोटर जळेल. म्हणून वाकडी वाट ठेवा, आतून अस्तर लावून. तेल ६० अंशांवर जाऊ देऊ नका. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना काय सांगावं! फोम तर तेलाच्या वाफेजवळ नकोच.

इंटर्नल गियर पंप आणखी शांत असतो, पण किंमत पाहता घरी परवडत नाही. २८८० आरपीएमचा पॅक स्वस्त दिसला तरी घेऊ नका; वेग दुप्पट, आवाजही जास्त.