स्कॅनएफ की एफगेट्स: न थांबणाऱ्या लूपवर उपाय कोणता?

सांगलीत डिप्लोमाला हळदीच्या दरांचा प्रोग्राम सी भाषेत लिहायचाय. शून्य दिला की लूप थांबायला हवा. कुणी '14,500' टाइप केलं की स्कॅनएफ (scanf, टाइप केलेला आकडा वाचणारं फंक्शन) 14 उचलतो, स्वल्पविराम बफरमध्ये, म्हणजे इनपुट साठतं त्या जागेत, अडकतो, पुढचं प्रत्येक वाचन तिथेच फसतं आणि स्क्रीन धावत सुटते.

स्कॅनएफच ठेवायचा तर त्याने परत दिलेली किंमत, म्हणजे किती आकडे वाचले ते, तपासा. 0 आली तर गेटचारने (getchar, एकेक अक्षर वाचणारं फंक्शन) ओळ संपेपर्यंतची अक्षरं फेका, ईओएफ (EOF, इनपुट संपल्याची खूण) आला तर थेट ब्रेक, म्हणजे लूपबाहेर. चार-पाच ओळींचं काम. पण 14 हा चुकीचा दर तोवर नोंदलाही गेलेला असतो! उरलेलं इनपुट पुसायला एसटीडीआयएनवर (stdin, कीबोर्डचं इनपुट) एफफ्लश (fflush) मात्र नको, सीच्या मानकात त्याचं वर्तन ठरलेलं नाही.

एफगेट्स (fgets) अख्खी ओळ घेतो, त्या ओळीतला आकडा कुठे संपला हे एसटीआरटीओएल (strtol, मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) दाखवतो. पुढे स्वल्पविराम दिसला की नोंद नाकारा. एफगेट्सकडून नल (NULL, म्हणजे ओळच मिळाली नाही) मिळाला तर लूपबाहेर. लिहायला जास्त, एवढंच.

उद्या सबमिशन असेल तर स्कॅनएफ पुरे. प्रोग्राम दुसरं कुणी वापरणार असेल तर एफगेट्सच.