हो ची मिन्ह सिटीचं युद्ध अवशेष संग्रहालय: तळमजला चुकवू नका

तिकीट ४०,००० डोंग, म्हणजे दीडशे रुपयांच्या आत-बाहेर. अंगणात हेलिकॉप्टर-रणगाड्यांपुढे फोटोंसाठी झुंबड असते, तिथे फार रेंगाळू नका. तळमजल्यावर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जगभर झालेल्या चळवळीचं दालन आहे. बरेच जण ते भरभर उरकतात. मी सगळ्यात जास्त वेळ तिथेच दिला. भित्तिपत्रकं, मोर्चांचे फोटो, देशोदेशीच्या घोषणा. "दुसऱ्या देशाच्या परराष्ट्र धोरणात आपण कशाला नाक खुपसायचं?" असं म्हणणाऱ्यांना हाताला धरून इथे आणावंसं वाटतं. डिसेंबर १९७२मध्ये अमेरिकेने उत्तर व्हिएतनामची राजधानी हनोईवर बॉम्बवर्षाव केला तेव्हा स्वीडनचे पंतप्रधान ओलॉफ पाल्मे उघड बोलले. अमेरिकेने रागावून राजदूत पाठवणं थांबवलं. तरी ते बोलले, ते योग्यच केलं. बॉम्ब परक्यांच्याच घरांवर पडतात, मग परक्यांनी गप्प का बसायचं? मांडणी व्हिएतनामच्या बाजूची आहे, हे लपलेलं नाही. पण एका अमेरिकन सैनिकाने माफी मागून पाठवलेली पदकंही इथेच आहेत, ती जरूर पाहा. एजंट ऑरेंजच्या (अमेरिकेने युद्धात फवारलेलं विषारी तणनाशक) दालनात लहान मुलांना नेऊ नका. निदान तीन तास हाताशी ठेवा.