प्रभात रोडवरचा पोलिश भाषेचा वर्ग : बारा शनिवारांचा अनुभव

आमच्या घरात दूध संपलं की आजी म्हणायची, "नेमा मलेका." आणि गवळी दारात आला की, "मलेको आलं गं." आम्हा नातवंडांना वाटायचं, हे आजीचेच शब्द. आजीचं माहेर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचं. लग्नाआधी ती वडिलांबरोबर तिथल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत म्हशीचं दूध घालायला जायची. छावणीच्या गोष्टी तिने पुष्कळ सांगितल्या, पण हे शब्द तिथून आलेत हे काही सांगितलं नाही. तिच्या लेखी ते घरचेच झाले होते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पहिलं काम केलं ते पोलिश शिकायचं. प्रभात रोडच्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हा वर्ग भरतो. पाटी नाही, नावही नाही. बारा शनिवार, दर वेळी दोन तास, फी साडेनऊ हजार. आम्ही सातजण होतो. हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा, त्याची व्रोत्सवाफच्या कचेरीत बदली होणार होती. लग्न करून वॉर्सात राहायला जाणारी एक मुलगी. बाकीचे शिक्षणासाठी निघालेले. कामाविना आलेली मी एकटीच.

शिकवणाऱ्या ताई मराठी आहेत, क्राकूव्हला शिकून आलेल्या. त्यांनी पहिल्याच तासाला इंग्रजी बाजूला ठेवलं, आणि या वर्गाची सगळी किंमत त्यातच वसूल होते असं माझं मत आहे. पोलिशमध्ये सात विभक्ती आहेत. इंग्रजीतून शिकणाऱ्याचा इथे जीव जातो. आम्ही शाळेत प्रथमा, द्वितीया घोकलेली माणसं. ताईंनी फळ्यावर 'कोल्हापूर' लिहिलं आणि ते पोलिशमध्ये चालवून दाखवलं : कोल्हापूर, कोल्हापुरू, कोल्हापुरोवी, कोल्हापुरेम, कोल्हापुझे. शेवटच्या रूपाचा अर्थ 'कोल्हापुरात'. मग त्यांनी विचारलं, "आपण 'कोल्हापूरात' असं दीर्घ लिहितो का?" नाही, पू चा पु होतो. तसा त्यांच्याकडे र चा झ होतो. सामान्यरूप म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला यात भिण्यासारखं काही नाही. उच्चार मात्र अवघड. एकापाठोपाठ एक व्यंजनं येतात, जीभ कुठे टेकवावी कळत नाही. अनोळखी बाईंना 'पानी' म्हणायचं, पुरुषाला 'पान', आणि क्रियापद तृतीयपुरुषी. 'बाईंना चहा चालेल का?' असं आपणही समोरच्या बाईंनाच विचारतो, त्यामुळे ते लगेच अंगवळणी पडलं.

चौथ्या शनिवारी 'नाही' आलं. 'न्ये मा' म्हणजे नाही, शिल्लक नाही. जे नाही त्याची षष्ठी होते. ताईंनी उदाहरण म्हणून दूध घेतलं. दूध म्हणजे 'म्लेको'. दूध नाही म्हणजे 'न्ये मा म्लेका'. वहीत लिहिता लिहिता माझा हात थांबला. आजीचं 'आलं' असलं की 'को', 'संपलं' असलं की 'का', आणि ती कधी चुकली नाही. तिने शाळेचा उंबरा पाहिला नव्हता. ताईंना सांगितलं तर त्या खुर्चीवर बसल्या आणि मला ते तीनदा म्हणायला लावलं, आजी म्हणायची तस्सं. पुढच्या शनिवारी त्यांनी सगळ्या वर्गाला ते वाक्य आजीच्या नावावर शिकवलं.

सहाव्या शनिवारी त्यांनी इतिहासाला तास दिला. हिंजवडीच्या मुलाने वळिवड्याचं नावही ऐकलं नव्हतं. सोव्हिएत सत्तेने १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली होती. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये पोलंड आणि सोव्हिएत संघ यांच्यात सिकोर्स्की-मायस्की करार झाला, त्यांना सोडायचं ठरलं, आणि पुढच्या वर्षी त्यातली बरीचशी माणसं जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्याबरोबर इराणात पोचली. तिथून काहीजण हिंदुस्थानात आले. मुलांसाठी जामनगरचे राजे जामसाहेब यांनी बालाचडीला छावणी उभारली. वळिवड्याची मोठी छावणी १९४३ ची, सुमारे ५ हजार माणसांची. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची काढून घेतली. म्हणजे छावणीत बसल्या जागी या माणसांचं सरकारच कागदावरून गेलं. तरी छावणी १९४८ पर्यंत चालली. नंतर तिथे सिंधी निर्वासित आले. आज आपण घाऊक साड्या आणायला ज्या गांधीनगरला जातो, ते हेच.

मला हा वर्ग महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने. भारत आणि पोलंड यांचे राजनैतिक संबंध १९५४ पासूनचे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकाला फुलं वाहिली, आणि दरवर्षी २० पोलिश तरुणांना भारतभेटीला बोलावण्याचा जामसाहेबांच्या नावाचा उपक्रम जाहीर झाला. फार चांगलं झालं. पण छावणीत वाढलेल्यांची मुलं-नातवंडं वळिवड्याला येतात, तेव्हा दुभाष्यामार्फत किती बोलणार? मागे एकदा तिथे एक पोलिश आजी आल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी अर्धा तास नुसती हात धरून बसले. त्या काहीतरी सांगत होत्या, आणि मला एक शब्द कळत नव्हता.

आता उणिवा. वर्गाचं पुस्तक म्हणजे झेरॉक्सचा गठ्ठा, त्यातही काही पानांवर ल वरची तिरकी रेघ उमटलेलीच नाही, आणि पोलिशमध्ये त्या रेघेने अक्षरच बदलतं. ऐकण्याचा सराव फारच कमी. ताई सोडून दुसरा पोलिश आवाज आम्ही बारा आठवड्यांत दोनदाच ऐकला. एकदा शनिवारचा तास रविवारवर ढकलला आणि निरोप वर्ग भरायच्या तासभर आधी आला; मी तोवर रिक्षात बसले होते. लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. पोलंडच्या नागरिकत्वाला लागणाऱ्या बी-१ (मध्यम पातळीच्या) भाषापरीक्षेची तयारी इथे होत नाही. ज्यांना तीच हवी आहे त्यांनी दुसरीकडे बघावं.

वहीत सराव करणाऱ्यांना आणि मराठी व्याकरणाची आवड असणाऱ्यांना मी हा वर्ग डोळे मिटून सुचवीन. दुसऱ्या पातळीचे पैसे मी भरून आले आहे. त्या पोलिश आजींना पत्र लिहायला घेतलंय. ताईंनी पहिला खर्डा लाल करून परत दिला, आणि त्यात एकाच वाक्याला हात लावला नाही : दूध संपल्याच्या.