उन्हाळ्याचे दहा आठवडे: अमेरिकेतल्या समर प्रोग्रॅमची पारख

नामवंत विद्यापीठाच्या आवारात दोन आठवडे राहून करायचा प्री-कॉलेज, म्हणजे शाळेतल्या मुलांसाठीचा उन्हाळी प्रोग्रॅम घ्या. फी बहुतेक वेळा पाच हजार डॉलरच्या पुढे. वर्ग सोमवार ते शुक्रवार, रोज तीनेक तास. म्हणजे दहा दिवसांत तीस तास शिकवणं, तासाला १७० डॉलरच्या आसपास. राहणं-जेवणं त्यात आलं, पण अर्जाची फी, आरोग्य विमा, विमानतळावरून ने-आण, कधीकधी चादरी-उशाही वेगळ्या. आणि पुढच्या वर्षी कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक प्रवेश-अर्जावर, हाच उन्हाळा भरताना 'वर्षातले आठवडे' या रकान्यात आकडा येतो २.

मुलाला होस्टेलची सवय व्हावी, एखादा विषय चाखून बघावा, एवढ्यासाठी पाठवत असाल आणि पैसे जड नसतील तर जरूर पाठवा. मुलं खुशीत परत येतात, आपले कपडे आपण धुवायला शिकतात. पण त्याच विद्यापीठात प्रवेश सोपा होईल म्हणून पाठवत असाल तर पाठवू नका. प्रवेशात याचा फायदा मिळत नाही, असं कित्येक विद्यापीठं स्वतःच आपल्या पानावर लिहितात. ते वाक्य बहुधा खाली, प्रश्नोत्तरांत असतं. तिथपर्यंत वाचा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, प्रोग्रॅम विद्यापीठाचा आहे की विद्यापीठात भरणारा? बाहेरच्या कंपन्या उन्हाळ्यात रिकाम्या खोल्या आणि वर्ग भाड्याने घेतात, जाहिरातीत मात्र इमारतीचा फोटो झळकतो. माहितीचं पान विद्यापीठाच्या स्वतःच्या, डॉट ईडीयूने संपणाऱ्या पत्त्यावर नसेल तर शिकवणार कोण, हे फोन करून विचारा. दुसरी, अर्जात काय मागतात? नुसती मार्कांची यादी, दोन परिच्छेद आणि क्रेडिट कार्ड मागत असतील, तर तिथे निवड जवळपास नाहीच. तिसरी, डिपॉझिट परत मिळतं का आणि कोणत्या तारखेपर्यंत? मार्चमध्ये घाईने भरलेलं डिपॉझिट मे महिन्यात दुसरीकडे निवड झाली की बुडतं, हा नेहमीचा तोटा. घरी 'आपल्या पाल्याची निवड झाली आहे' असं सोनेरी शिक्क्याचं पत्र आलं, तर ते जाहिरातपत्र समजा. न केलेल्या अर्जाला निवड होत नसते.

आता ज्यांच्यासाठी खरोखर धडपडावं असे प्रोग्रॅम. गंमत अशी, की यांतले बरेच फुकट आहेत, नाहीतर ऐपतीप्रमाणे मदत देतात. एमआयटीत भरणारं रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट १९८४ पासून चालू आहे: सहा आठवडे, सुरुवातीला वर्ग, मग मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन, शेवटी लेखी पेपर आणि सादरीकरण. शिकणं, राहणं, जेवण मोफत, प्रवास आपला. गणितासाठी १९५७ पासूनचा रॉस प्रोग्रॅम आणि १९८९ पासून बॉस्टन विद्यापीठात होणारा प्रॉमिस. दोन्हीकडे सहा आठवडे संख्याशास्त्र नव्हे, तर संख्यांच्या गुणधर्मांचं गणित, म्हणजे नंबर थिअरी. अर्जासोबत प्रश्नसंच येतो आणि खरी निवड तिथेच होते. इथली नेहमीची चूक म्हणजे फक्त उत्तर लिहिणं. पाहणाऱ्यांना सिद्धता हवी असते. अर्धवट सुटलेला प्रश्नही 'इथपर्यंत पोचलो, इथे अडलो, या दोन वाटा करून पाहिल्या' असा मांडला तर त्याची किंमत होते. प्रश्नसंचाला तीन-चार आठवडे द्या. शेवटच्या शनिवार-रविवारी बसून होणारं काम नव्हे ते.

समर सायन्स प्रोग्रॅमबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण 'उन्हाळ्याचं सोनं' कशाला म्हणावं ते तिथे दिसतं. १९५९ पासून चालू आहे. खगोलभौतिकीच्या शाखेत मुलं तिघा-तिघांच्या गटात काम करतात. प्रत्येक गटाला पृथ्वीजवळून जाणारा एक लघुग्रह मिळतो. रात्री दुर्बीण रोखून थोड्या थोड्या अंतराने प्रतिमा घ्यायच्या. तारे जागच्या जागी राहतात आणि त्यांच्यात एक फिकट ठिपका किंचित सरकलेला दिसतो, तोच आपला लघुग्रह. मग आजूबाजूच्या ताऱ्यांची नेमकी स्थानं ताऱ्यांच्या यादीतून घेऊन त्या ठिपक्याचं स्थान मोजायचं, वेगवेगळ्या रात्रींची निरीक्षणं गॉसच्या (मोजक्या निरीक्षणांवरून कक्षा काढण्याच्या) गणिती पद्धतीत घालायची आणि कक्षा काढणारा संगणकाचा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा. बिघडायला जागा भरपूर: ढग येतात, प्रतिमेची वेळ चुकीची नोंदली जाते, अंश आणि रेडियनची सरमिसळ होते आणि कक्षा भलतीच निघते. निरीक्षणं शेवटी मायनर प्लॅनेट सेंटरकडे जातात, जिथे जगभरातल्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवल्या जातात. असं केलेल्या मुलाला प्रवेशाच्या निबंधात काय लिहू, असा प्रश्न पडत नाही.

मानव्यविद्यांकडे ओढा असेल तर टेल्युराइड असोसिएशनचं समर सेमिनार पाहा. दहावी-अकरावीतल्या मुलांसाठी, मोफत, आणि वाचून वाद घालायची सवय लावणारं. एमआयटीचं माइट्स हे विज्ञान-अभियांत्रिकीचं, अकरावी संपवलेल्यांसाठी, तेही मोफत, पण अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारकांनाच. या सगळ्यांच्या अर्जांच्या मुदती साधारण डिसेंबर ते मार्चच्या दरम्यान संपतात. म्हणजे उन्हाळा थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सुट्टीच्या) आधी ठरवायला घ्यायचा. शिफारसपत्रासाठी शिक्षकांना निदान तीन आठवडे आधी सांगा. डिसेंबरमध्ये ते बारावीच्या मुलांच्या पत्रांत बुडालेले असतात.

निवड नाही झाली तर? बहुतेकांची होतच नाही, आणि त्याने काही अडत नाही. आपल्या लोकांत किराणा दुकानातल्या किंवा आइस्क्रीमच्या दुकानातल्या पगारी नोकरीला कमी लेखतात, ते चूक आहे. आठवड्याला २५ तास धरून दहा आठवडे केले तर २५० तास होतात. वेळेवर पोचणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी बोलणं, गल्ला जुळवणं: अर्ज वाचणाऱ्याला हे लगेच कळतं. १४-१५ वर्षांच्या मुलांना केंद्रीय नियमाप्रमाणे शाळा नसलेल्या दिवशी ८ तास आणि शाळा नसलेल्या आठवड्यात ४० तासच काम करता येतं. १ जून ते लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) रात्री ९ पर्यंत, एरवी ७ पर्यंत. काही राज्यांचे नियम याहून कडक असतात. १८ खालच्या मुलांनी डेलीतलं (सँडविच-मांसाच्या दुकानातलं) मांस कापायचं यंत्र चालवायचं तर नाहीच, धुवायचंही नाही. मॅनेजरने सांगितलं तरी नाही म्हणायला मुलाला आधीच शिकवून ठेवा. वर्क परमिट (अल्पवयीन मुलांच्या नोकरीचा परवाना) लागत असेल तर शाळा सुटायच्या आत काढा, कारण तो बऱ्याच ठिकाणी शाळेच्या ऑफिसातूनच मिळतो आणि जूनच्या मध्यावर तिथे कुलूप असतं.

इथे आपल्यातल्या अनेक घरांना लागू होणारी एक अडचण आहे. एच-४ व्हिसावरच्या, म्हणजे एच-१बीसारख्या व्हिसावर नोकरीला आलेल्यांच्या, मुलांना पगारी काम करता येत नाही. एच-४ वर मिळणारी कामाची परवानगी फक्त जोडीदारासाठी असते. एखाद्या कंपनीत बिनपगारी इंटर्नशिप हा त्यावरचा उपाय समजू नका. जे काम एरवी पगार देऊन करून घेतात, ते फुकट केल्यानेही व्हिसाचा प्रश्न उभा राहू शकतो. फूड बँक, लायब्ररी, हॉस्पिटल अशा ठिकाणचं खरंखुरं स्वयंसेवी काम चालतं. हॉस्पिटलं वयाची अट घालतात, लसींच्या नोंदी आणि बहुधा टीबीची चाचणी मागतात, आणि उन्हाळ्याच्या जागा वसंतातच भरतात. फेब्रुवारीत चौकशी करा.

कम्युनिटी कॉलेजचा (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजचा) वर्ग हा माझ्या मते सर्वांत कमी नावाजलेला चांगला पर्याय. शिकणं एच-४ वर चालतं. मात्र तीन क्रेडिटचा, एरवी १६ आठवड्यांचा विषय सहा आठवड्यांत होतो. एक आठवडा भारतवारीत गेला की जवळजवळ तीन आठवड्यांचा अभ्यास बुडाला. त्या ग्रेड कॉलेजच्या कायमच्या नोंदीत राहतात. पुढे मेडिकलला अर्ज करताना शाळेत असताना घेतलेले हे वर्गही दाखवावे लागतात. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात एकच विषय, आणि तिकिटं काढण्याआधी वर्गाच्या तारखा बघा.

पैसे घेऊन 'संशोधन' करवून देणाऱ्या सेवांपासून दूर राहा. फी हजारोंत, विषय तयार साच्यातला, आणि शेवटी पैसे भरले की छापणाऱ्या नियतकालिकात पेपर. मुलाला 'तुझ्या मोजणीत चूक किती होती?' असं विचारलं की सगळं उघडं पडतं. घाईघाईने काढलेली मुलांची 'संस्था' तशीच: वेबसाइट आहे, लोगो आहे, काम नाही. आधीच चालू असलेल्या संस्थेत दर शनिवारी जाणं बरं.

कॉमन ॲपवर दहा उपक्रम मावतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. एमआयटीच्या अर्जात तर चारच उपक्रम. 'हॉस्पिटलमध्ये मदत केली, खूप शिकायला मिळालं' याने अक्षरं भरतात, हाती काही लागत नाही. 'व्हीलचेअरचे ब्रेक तपासले, सैल निघालेल्यांना टॅग लावून दुरुस्तीला पाठवलं, नोंदवही सुरू केली' यात मूल दिसतं. प्रोग्रॅम निवडतानाच हे वाक्य मनात लिहून पाहा. क्रियापदं मुलाची असतील तर पैसे आणि वेळ द्या. 'ऐकलं', 'पाहिलं', 'भेट दिली' एवढंच जमत असेल तर दुसरं शोधा.

तास आणि आठवडे वर्षभराने आठवत नाहीत. जूनच्या पहिल्या दिवसापासून एका वहीत तारीख, तास आणि त्या दिवशी केलेली एक ठोस गोष्ट मुलालाच लिहायला सांगा. पुढच्या वर्षीचा कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतो, तेव्हा ती वही टेबलावर हवी.