यूजीसीची जेआरएफ फेलोशिप: रक्कम भरघोस, पण दर महिन्याचं कन्फर्मेशन सांभाळा

‘फेलोशिप लागली’ असं विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये कुणी म्हटलं की अर्थ एकच: पीएचडीची पाच वर्षं दरमहा खात्यात पैसे येणार. इथे बोलायचं ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जेआरएफबद्दल, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणाऱ्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपबद्दल. तसा फेलोशिप हा शब्द फार मोठा आहे. मूळ अर्थ सोबत, संगत, बंधुभाव. मराठी चर्चमध्ये त्याला ‘सहभागिता’ म्हणतात. आशीर्वचनात ‘पवित्र आत्म्याची सहभागिता’ येते ती हीच. डॉक्टरच्या पाटीवर फेलोशिप म्हणजे एमडी-एमएसनंतर एखाद्या शाखेत घेतलेलं विशेष प्रशिक्षण. मुख्यमंत्री फेलोशिप म्हणजे तरुण पदवीधरांनी ठरावीक मुदतीसाठी सरकारी कार्यालयात करायचं काम. तिचा पीएचडीशी संबंध नाही, तरी दोन्हींची गल्लत सर्रास होते.

सरकारी मराठीत संशोधनाच्या फेलोशिपला ‘अधिछात्रवृत्ती’ म्हणतात. राज्य सरकारच्या संस्थांकडे पाहा: बार्टीची डॉ. बाबासाहेब आंबेडकर राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती, सारथीची छत्रपती शाहू महाराज राष्ट्रीय संशोधन अधिछात्रवृत्ती, महाज्योतीची महात्मा ज्योतिबा फुले संशोधन अधिछात्रवृत्ती, सगळीकडे हाच शब्द. शिष्यवृत्ती म्हणजे स्कॉलरशिप, विद्यावेतन म्हणजे स्टायपेंड. अर्ज भरताना हा फरक नीट कळलेला हवा, कारण ‘अन्य कोणतीही अधिछात्रवृत्ती घेत नाही’ असं हमीपत्र द्यावं लागतं आणि एका वेळी दोन घेतल्याचं उघड झालं तर वसुली होते. शब्द जड आहे, पण अचूक आहे: छात्राच्या वरच्या पायरीवरचा तो अधिछात्र. महाराष्ट्राला ही कल्पना नवीनही नाही. पेशवे विद्वानांना देत त्या दक्षिणेच्या निधीतून पुढे इंग्रजी अमदानीत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जात. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर दोघेही दक्षिणा फेलो होते.

आता यूजीसीच्या जेआरएफची रक्कम. 1 जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं जेआरएफ म्हणून दरमहा 37,000 रुपये आणि पुढची तीन वर्षं एसआरएफ (सीनिअर रिसर्च फेलो) म्हणून 42,000 रुपये. पाच वर्षं पूर्ण मिळाली तर बरोबर 24 लाख होतात. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांना आकस्मिक खर्चासाठी पहिली दोन वर्षं वर्षाला 10,000 आणि नंतर 20,500 रुपये मिळतात. विज्ञान शाखांना 12,000 आणि 25,000. घरभाडं वेगळं, ते शहराच्या वर्गावर ठरतं. मुंबई-पुणे एक्स वर्गात, नागपूर-नाशिक वाय वर्गात. वसतिगृहाची खोली मिळत असताना ती नाकारून बाहेर राहिलात तर घरभाड्यावरचा हक्क जातो. खोली घेतली तर वसतिगृहाची फी मिळते, मेस, वीज आणि पाण्याचा खर्च मात्र स्वतःचा. पीएचडीच्या विद्यार्थ्याला दुसरीकडे हात न पसरता ग्रंथालयात, प्रयोगशाळेत किंवा क्षेत्रकामावर पूर्ण वेळ बसता यावं, इतकी ही रक्कम नक्कीच आहे. रकमेला पाचपैकी साडेचार गुण.

वाटपाला तीनच. पैसे मध्येच थांबतात तेव्हा कारण बहुतेक वेळा आपल्याच संस्थेच्या पातळीवर सापडतं. यूजीसीची फेलोशिप कॅनरा बँकेच्या पोर्टलवरून चालते. तिथे तुमची नोंद तुम्ही स्वतः करत नाही. संस्थेतला ‘मेकर’ माहिती भरतो, ‘चेकर’ ती तपासून मंजूर करतो. त्यानंतर दर महिन्याला ‘हा संशोधक काम करतो आहे’ असं कन्फर्मेशन पुन्हा त्याच दोन हातांतून जायला हवं. मेकरने भरलं आणि चेकर रजेवर असला, तर तो महिना राहून जातो. बाबूंची बदली झाली आणि नव्या माणसाला लॉगिन मिळालं नाही, तर अख्ख्या विभागाची फेलोशिप अडकते. म्हणून मार्गदर्शकाच्या सहीचं हजेरीपत्रक महिना संपतानाच कार्यालयात द्यावं आणि दोन-चार दिवसांनी चेकरकडून मंजुरी झाली का, ते जाऊन विचारावं. ‘पाठवलंय’ हे उत्तर पुरेसं नाही, कारण ते मेकरचं उत्तर असतं. राहिलेले महिने नंतर एरियर्स म्हणून मिळतात, पण घरमालक एरियर्सची वाट पाहत नाही.

दुसरी अडचण आधारची. पैसे खाते क्रमांकावर येतात असं बहुतेकांना वाटतं. आधारवर आधारित पेमेंटमध्ये ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि अशी जोडणी एका वेळी एकाच बँकेशी असते. मोबाइलवरून घाईत दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडताना ‘अनुदान याच खात्यात हवं’ या चौकोनात खूण केली, की जुनी जोडणी सुटते. मग पासबुक कोरं दिसतं आणि पैसे भलत्याच खात्यात पडलेले असतात. केवायसीसाठी आधार दिलेलं असणं म्हणजे सीडिंग, म्हणजे ही जोडणी, नव्हे. बँकेत जाताना ‘डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी पैशांसाठी) आधार सीडिंग’ असे शब्द वापरावेत. आधार, बँक आणि अवॉर्ड लेटर (जेआरएफ मिळाल्याचं यूजीसीचं पत्र) यांवरचं नाव अक्षरशः एकसारखं हवं. लग्नानंतर एका ठिकाणी नाव बदललं आणि बाकी ठिकाणी जुनंच राहिलं, तर पडताळणीत तिथेच घोडं अडतं.

सुरुवातीची तारीखही नीट समजून घ्या. फेलोशिप नेटच्या निकालाच्या दिवसापासून आपोआप सुरू होत नाही. निकाल आणि पीएचडीला रुजू होणं यांतली जी तारीख नंतरची, तिथून मोजणी होते. त्यामुळे जॉइनिंग रिपोर्टवरची तारीख आणि विद्यापीठाच्या नोंदणीपत्रावरची तारीख जुळते का, हे सही करण्याआधी पाहावं. अवॉर्ड लेटरला मुदत असते. ती संपण्याआधी प्रवेश झाला नाही तर जेआरएफ हातची जाते.

दोन वर्षांनी एसआरएफसाठी तीन जणांची समिती काम पाहते: विभागप्रमुख, मार्गदर्शक आणि एक बाहेरचा तज्ज्ञ. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळवण्यातच महिना जातो, म्हणून एकविसाव्या-बाविसाव्या महिन्यात पत्रव्यवहार सुरू करावा. समितीला काम समाधानकारक वाटलं नाही तर सुधारणेसाठी एक वर्ष मिळतं, पण ते जेआरएफच्याच दराने. दरमहा 5,000 प्रमाणे वर्षाचे 60,000 रुपये तिथे जातात. आधीचे प्रगती अहवाल वेळेवर दिलेले असतील तर ही बैठक सोपी जाते.

आकस्मिक खर्चाची बिलं संशोधकाच्या नावाची आणि तारखेची हवीत. पुस्तकं, टंकलेखन, स्टेशनरी, क्षेत्रकामाचा प्रवास चालतो. टेबल-खुर्ची चालत नाही. वर्षाला 30 दिवस रजा मिळते, सार्वजनिक सुट्ट्या धरून नव्हे, त्यांच्याशिवाय. कॉलेजची उन्हाळी किंवा दिवाळीची सुट्टी संशोधकाला लागू नाही, हे अनेक विभागांत कुणी सांगतच नाही. प्रसूती रजेत फेलोशिप पूर्ण दराने चालू राहते.

नोकरी लागली तर रुजू होण्याआधी संस्थेला लेखी कळवून कन्फर्मेशन थांबवायला सांगा. एक महिना जरी जादा जमा झाला तरी तो परत करावा लागतो. प्रबंध पाच वर्षांच्या आत सादर केला तर फेलोशिप त्या तारखेला थांबते. तेव्हा सादर करण्याच्या आठवड्यातच थकलेले महिने, घरभाडं आणि आकस्मिक खर्च यांचा हिशेब कार्यालयात लेखी देऊन पोच घ्या. पोचेवर आवक क्रमांक असायलाच हवा.